पानाखालचा चौकोन

ओक-बुनच्या पाठीला खाज सुटली होती आणि तीही नेमकी अशा जागी, की वरून हात पोचत नव्हता आणि खालूनही नाही. पहाटेच्या प्रार्थनेत तिने बाकाच्या कडेला पाठ घासून पाहिली. ओक-बुन चर्चमधली क्वोनसा, म्हणजे मानाची वडीलधारी सेविका; शेजारच्या बाईला वाटलं, क्वोनसाबाई आज आत्म्याने अगदी भरून आल्यात, म्हणून तीही डोलायला लागली. ओक-बुनने तोंडातल्या तोंडात चार शब्द पुटपुटले, ते काही प्रार्थनेतले नव्हते.

या खाजेला कारण होतं. कोरियातल्या येसू बंदराच्या बाजारात तिचं मोहरीच्या पानांच्या किमचीचं, म्हणजे तिखट आंबवलेल्या लोणच्याचं दुकान, आणि त्याला लागून माल-जाचं सुक्या मासळीचं. मधली भिंत इतकी पातळ, की एक शिंकली तर दुसरी तिला काळजी घे म्हणायची. दर गुरुवारी दोघी मिळून न्हाणीघरात जायच्या, गरम हौदात मानेपर्यंत बुडून बसायच्या आणि मग लहानशा स्टुलांवर बसून हातात अंग घासायची हिरवी खरखरीत पिशवी चढवून एकमेकींच्या पाठी चोळायच्या. सव्वीस वर्षं. स्वतःची पाठ माणसाला स्वतः चोळता येत नाही. न्हाणीघरात त्यासाठी बाई ठेवलेली असते, पण ओक-बुनला परका हात चालत नसे. आता पाच आठवडे होऊन गेले, त्या पाठीला कुणाचा हात लागला नव्हता.

झालं ते न्हाणीघरातच झालं. पाठ चोळता चोळता माल-जा म्हणाली होती, की तिची लेक हे-जिन दूर तेजॉन शहरात नवऱ्यापासून वेगळी राहतेय, अजून कुणाला ठाऊक नाही, सासरीसुद्धा फक्त सासूलाच माहीत. सांगताना ती रडली होती. ओक-बुनही रडली होती. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत ओक-बुनने फोनवरच्या प्रार्थना-गटात लिहिलं: आपल्या एका बहिणीच्या मुलीचा संसार मोडायला आलाय, तेजॉनला असते, तिच्यासाठी गुडघे टेकूया. नाव तिने लिहिलं नव्हतं. ते ती नंतर सगळ्यांना सांगत फिरली, नाव कुठे लिहिलं मी? पण गटातल्या बारा जणींपैकी कुणाकुणाची मुलगी तेजॉनला आहे, हे काय कुणाला मोजायला बसावं लागणार होतं? एकीची बहीण नेमकी हे-जिनच्या सासरच्या चर्चमध्ये गायला उभी राहते. रविवार उजाडायच्या आत गोष्ट तिथे पोचली.

माल-जा भांडली नाही. ती गटातून बाहेर पडली, रविवारी सकाळच्या पहिल्याच उपासनेला येऊन निघून जायला लागली, गुरुवारी न्हाणीघरात येईनाशी झाली. दुकानातून दिसली तर मान झुकवून म्हणायची, "नमस्कार, क्वोनसाबाई." सव्वीस वर्षं जी ताई होती तिला क्वोनसाबाई! ओक-बुनच्या काळजात ते सुईसारखं रुतायचं. आणि राग यायचा. मी काय चहाड्या केल्या? प्रार्थनेसाठीच तर सांगितलं!

ओक-बुन माणूस वाईट नव्हती, हे सांगायलाच हवं. अकरा वर्षं तिचं मनन चुकलं नव्हतं. दर महिन्याला चर्चमधून छोटी पुस्तिका मिळायची, रोजचं एक पान: वर शास्त्रातला उतारा, मधे दोन प्रश्न आणि तळाशी एक रिकामा चौकोन, ‘आज मी काय करणार’. सगळ्या मंडळीने त्या दिवशी तोच उतारा वाचायचा, चौकोन भरायचा आणि गटात टाकायचा. ओक-बुन गटाची प्रमुख, तिचा चौकोन सगळ्यांत आधी यायचा. गेल्या पाच आठवड्यांत तिने नऊ वेळा लिहिलं होतं, ‘ज्या बहिणीने मला दुखावलं तिला आज मी मनापासून क्षमा करीन.’ त्याखाली पाळकबाईंची लाल बदामं पडायची. बदामं बघून घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा पाठ खाजायला लागायची.

त्या शनिवारी माल-जा येसू सोडून चालली होती. लेकीकडे तेजॉनला, नातीला सांभाळायला. बारा वाजता ट्रक येणार होता. भिंतीपलीकडून दोन दिवस खोकी ओढल्याचे आवाज येत होते आणि ओक-बुन मोहरीची पानं मिठात दाबता दाबता प्रत्येक आवाजाला हात थांबवत होती. एकदा तर तिखट दोनदा पडलं. गिऱ्हाईक म्हणालं, आज जरा जहाल आहे. ती म्हणाली, आहे तर आहे.

त्या पहाटे प्रार्थनेहून घरी आल्यावर तिने पुस्तिका उघडली. उतारा डोंगरावरच्या शिकवणीतला होता, तोंडपाठ असलेला: दान घेऊन वेदीपाशी आलास आणि तिथे भावाची आठवण झाली, तर दान तिथेच सोड, आधी जाऊन समेट कर. ओक-बुनने पेन उचललं आणि चौकोनात लिहिलं, ‘दूर निघालेल्या एका बहिणीसाठी आज प्रार्थना करीन.’ वाचून पाहिलं. फोनवर तेच टाइप केलं. अंगठा पाठवण्याच्या खुणेवर गेला आणि तिथेच राहिला. आठ वाजले, सव्वाआठ झाले. अकरा वर्षांत पहिल्यांदा तिचा चौकोन गटात पडला नाही.

उद्या उपकारस्तुतीचा रविवार, म्हणून नऊ वाजता सगळ्या बायका चर्चमध्ये वेदीपुढे फळं-भाज्या मांडायला जमल्या. भाताच्या बांधलेल्या पेंढ्या, पर्सिमन फळांच्या टोपल्या, कोबी, मुळे. ओक-बुनने घरचा सगळ्यांत मोठा भोपळा आणला होता. तो दोन्ही हातांनी पोटाशी धरून ती पायऱ्या चढली आणि वेदीपुढे वाकली. तेवढ्यात तिला तो उतारा पुन्हा आठवला आणि या वेळी आठवला तो नीट. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे नव्हतंच. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं होतं.

पाच आठवडे ती चुकीच्या माणसाला क्षमा करत बसली होती. तिचे कान तापले. भोपळा तिने तिथेच पायरीवर ठेवला, वाकडाच, आणि कोट उचलून बाहेर पडली. पाळकबाई मागून विचारत होत्या, क्वोनसाबाई, कुठे? तिने ऐकलं नाही असं दाखवलं.

माल-जाच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. आत खोकीच खोकी. समोरची शिंपलेवाली म्हणाली, "ती गेली न्हाणीघरात. म्हणाली, तेजॉनच्या पाण्यात काही दम नाही, इथलं शेवटचं अंगावर घेऊन जाते." ओक-बुन थबकली. न्हाणीघरात बोलायचं म्हणजे सगळ्यांच्या देखत, आणि अंगावर एक धागा नसताना. कोट नाही, पद नाही, पुस्तिका नाही. परत फिरावं असं तिला खरंच वाटलं. घड्याळात साडेदहा झाले होते. ती गेली.

वाफेत माल-जा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती. हात मागे वळवून पाठीपर्यंत पोचायची तिची धडपड चालली होती आणि ते जमत नव्हतं. ओक-बुन शेजारच्या स्टुलावर टेकली.

"क्वोनसाबाई, तुम्ही? आज तर चर्चमध्ये सजावट असेल."

"भोपळा तिथेच ठेवून आलेय."

माल-जाने घमेलं भरून पाणी अंगावर ओतलं. मग म्हणाली, "ठाऊक होतं मला. पहाटे मीही तेच पान उघडलं. वाचलं आणि म्हटलं, मेलं, आता ही येणार. देवाला विनवलं, तिला येऊ देऊ नकोस. मला गुपचूप जाऊ दे."

"माल-जा, मी प्रार्थनेसाठीच..." ओक-बुनने सुरुवात केली आणि स्वतःच थांबली. हे वाक्य तिने इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते आपोआप तोंडात यायचं. तिने ओठ पुसले. "नाही. खरं सांगते. गोष्ट तुझी होती, मी ती वाटली. आणि वाटताना मला बरं वाटत होतं. सगळ्यांच्या आधी मला कळलंय, याचं. प्रार्थना मी नंतर केली."

माल-जाने घमेलं पुन्हा नळाखाली धरलं. हौदात दोन म्हाताऱ्या गुडघ्यांच्या दुखण्यावर बोलत होत्या. मग ती हळू आवाजात म्हणाली, "हे-जिनची सासू तिला फोनवर काय म्हणाली, ठाऊक आहे? तुझ्या माहेरची सगळी मंडळी तुझ्यासाठी गुडघे टेकून बसलीय म्हणे. पोरीने मला विचारलं, आई, कुणाला सांगितलंस? मी म्हटलं, फक्त ओक-बुन मावशीला. तेव्हापासून ती मला काही सांगत नाही. मी निघालेय तिच्या घरी, पण ती मला बाळाच्या दुधाच्या वेळा सांगते, तेवढंच."

ओक-बुनला रडू फुटलं. दुःखाने फुटलं आणि लाजेनेही. काहीतरी करायला हवं, लगेच, आत्ता. "मी गटात लिहिते," ती म्हणाली. "आजच. सगळ्यांसमोर कबूल करते, की मी तुझी..."

"परत?" माल-जा म्हणाली.

तो एकच शब्द. ओक-बुनने डोळे पुसले.

"मग मी काय करू?"

"गप्प बस. जमेल?" माल-जाने हातातली हिरवी पिशवी काढून तिच्या मांडीवर टाकली. "आणि पाठ चोळ माझी. ते तुला येतं."

ओक-बुनने पाठ चोळली. मानेपासून कमरेपर्यंत, पूर्वीसारखी, खालून वर आणि मग आडवी. करड्या मळाच्या वळ्या निघत होत्या. माल-जाचीही पाठ पाच आठवडे कुणी चोळलेली नव्हती. एक अक्षर न बोलता तिने ती लाल होईपर्यंत चोळली, पाणी ओतलं. मग सवयीने ती स्टुलावर वळली आणि आपली पाठ माल-जापुढे करून बसली.

माल-जाने पिशवी धुतली, घट्ट पिळली. "तुझी नाही चोळणार मी, ताई," ती म्हणाली. "आज नाही."

ओक-बुन चर्चमध्ये परतली तेव्हा बारा वाजून गेले होते. केस ओले होते. वाटेत बाजाराच्या तोंडाशी ट्रक वळताना तिला दिसला होता आणि ती फुटपाथवर तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली होती. वेदीपुढची मांडणी जवळजवळ झाली होती. तिचा भोपळा मात्र अजून पायरीवर वाकडाच होता. कुणाचा आहे ते सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी हात लावला नव्हता.

पाळकबाई लगबगीने आल्या. "आजचं मनन राहिलं ना तुमचं? सगळ्या विचारतायत."

"आजचं सांगण्यासारखं नाही."

पाळकबाईंनी तिचे ओले केस पाहिले, सुजलेले डोळे पाहिले. त्यांनी अगदी मायेने तिचा हात धरला आणि आवाज खाली आणला. "काही झालंय का? माल-जा भेटली? सांगा ना. आपण गटात प्रार्थनेला ठेवू."

बायका फळं मांडता मांडता थांबल्या होत्या. ओक-बुनच्या जिभेवर सगळं होतं: न्हाणीघर, रडणं, ‘ताई’. सांगितलं असतं तर सगळ्या रडल्या असत्या आणि बदामांचा पाऊस पडला असता. पिशवीतल्या पुस्तिकेत सकाळी लिहिलेलं ते वाक्य तसंच होतं. घरी जाऊन ते खोडायला हवं.

तिने वाकून भोपळा उचलला.

"हा मधे ठेवू की डावीकडे?" तिने विचारलं.

"मधे ठेवा," पाळकबाई म्हणाल्या.

तिने तो मधे ठेवला आणि सरळ केला. पाठ तशीच खाजत होती.