सिद्धम्माचं एक खोटं

कोडी सोडवण्यात या विरूपाक्ष गुरुजीचा हात धरणारा शिरूर अनंतपाळच्या आसपास कुणी नाही, अशी माझी मलाच घमेंड. त्यातलं लाडकं कोडं एका गावाचं. तिथला माणूस एकतर नेहमी खरं बोलतो, नाहीतर नेहमी खोटं. "एक वाक्य खोटं सापडलं की माणूस ओळखला!" असं मी पोरांना दटावून सांगायचो.

लातूर नवा जिल्हा झाला, पण दुष्काळाला त्याचं काय? टँकरनं हौद भरायचा आणि पाळीनं घरटी दोन घागरी. एका दुपारी पाळीआधीच कुणीतरी पाणी उपसलं. राखणीला सिद्धम्मा होती, एकट्या जिवाची बाई. निवाडा माझ्याकडं आला आणि मी खूशच झालो.

"झोपली होतीस?"

"न्हाई, गुरुजी."

"कुणाला पाहिलंस?"

"कुनालाच न्हाई."

"मग तू घेतलंस?"

"न्हाई."

मी लोकांकडं वळलो. "जागी होती आणि दिसलं कुणीच नाही? हे खोटं. आणि हे खोटं, तर 'मी घेतलं नाही' हेही खोटंच!"

वर आणखी म्हणालो, "गळ्यातलं इष्टलिंग हातात घेऊन सांग सगळं." लिंग हातात घेऊन आम्हा लिंगायतांत कुणी खोटं बोलत नाही. सिद्धम्मानं लिंग पदराआड सरकवलं आणि मान खाली घातली. झालं! तिची पाण्याची पाळी बंद. "वा गुरुजी!" लोक म्हणाले.

घरी आलो. लेक बाळंतपणाला आलेली. अंगणात दुपटी वाळत होती आणि चुलीशी भरलेली घागर. पाणी कुठलं, म्हणून बायकोला विचारलं.

"लेकराचं अंग तापलं होतं, म्या आनलं," जगदेवी म्हणाली. "सिद्धम्मानं पाहिलं की! म्हनली, बाळंतिनीचं घर हाय, ने. वर म्हनली, म्या कुनालाच पाहिलं न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लिंग हातात घेतलं असतं तर सिद्धम्मा सुटली असती, पण माझ्या बायकोचं नाव सांगावं लागलं असतं. म्हणून ती गप्प बसली. आणि मी शहाणा गाढव, भर गावात तिला खोटारडी ठरवून आलो!

ती घागर उचलून तिच्या दारात गेलो. तिनं हात लावला नाही.

"लोकांनी इचारलं, पानी कुठलं, तर काय सांगू गुरुजी?"

मी घागर खाली ठेवली. तेवढ्यात टँकरचा भोंगा वाजला. मी तसाच हौदाकडं गेलो. सारा गाव जमला होता. सदऱ्याआडचं लिंग काढून तळहातावर घेतलं.

"दुपारचं पाणी कुणी नेलं, आता मला विचारा."

कुणीच विचारेना. गुरुजी कधी खोटं बोलत नाहीत, हे गावाला पक्कं ठाऊक होतं; सिद्धम्मानं नेलं असं त्यांनीच सांगितलं, मग आता विचारायचं काय? शेवटी न विचारताच मी सांगायला लागलो.