रविवारचे पाहुणे

लग्न ठरेपर्यंत उन्हात जायचं नाही, असं अंबूताईंनी लेकीला बजावलं होतं. दीपश्री स्कूटरवरही हातमोजे घालून, तोंड बांधून जाई. मग तिची कंबर आणि पाय इतके दुखू लागले, की जिना चढवेना.

डॉक्टर म्हणाले, "ड जीवनसत्त्व फार कमी आहे. गोळ्या घ्या, थोडं ऊनही घ्या."

दुसऱ्या दिवशी उणकलच्या घराच्या गच्चीवर अंबूताईंनीच चटई अंथरली.

"आई, रविवारी बघायला येणार आहेत. काळी पडले तर?"

"पड गं. रंगच बघायचा असेल, तर चहा पिऊन जातील."

दीपश्री हसली आणि बाह्या सारून बसली. हळूहळू दुखणं ओसरलं. रविवारच्या पाहुण्यांचं उत्तर आलं नाही. घरात कुणी त्याची वाटही पाहिली नाही.