उभ्या धानाचा सीन

सिनेमाच्या शूटिंगचं वेळापत्रक सांभाळणाऱ्या गुंजनने दुधरामकाकांना एकच आकडा पाठ करायला लावला होता: अठरा. अठरावा सीन त्यांच्या पिकल्या धानात होता. तो झाला की कापायला ते मोकळे. आसपासची कापणी उरकली होती. काकांनी तेवढं आपलं धान थांबवलं होतं आणि हार्वेस्टरवाल्याला बांधीवर, धानाच्या शेतातच, बसवून ठेवलं होतं.

तो सीन गुंजनच्या आईचा, रुख्मिणीबाईंचा. उभ्या धानातून चालत यायचं, एवढंच काम. नवरा गेल्यावर शेत ठेक्याने दिलं, तेव्हापासून त्या धानात उतरल्या नव्हत्या. सिनेमाचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं. आमगावहून दवनीवाड्याला त्या आल्या होत्या धानासाठी, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून.

आदल्या दिवशी दिग्दर्शक स्वप्निलला सुरुवातीला स्टेशनचा सीन हवासा वाटला. दिग्दर्शकांना असलं काही आदल्या दिवशीच सुचतं. गुंजनने लॅपटॉपवर तो पहिला म्हणून घातला. सॉफ्टवेअरने विचारलं नाही की सांगितलं नाही, पुढचे सगळे नंबर एकेकाने सरकवले. धानाचा सीन एकोणिसावा झाला. नंबर लॉक करायची सोय होती, तिने ती केली नव्हती. युनिटला नवे कागद मिळाले. काकांना सांगायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

सकाळी काकांच्याच अंगणात क्लॅप वाजला, "सीन अठरा!" भांडणाचा सीन होता. तो ओके झाला आणि काकांनी हार्वेस्टरवाल्याला फोन लावला.

नाश्ता आटोपून सगळे शेतावर पोचले. रुख्मिणीबाईंनी धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, चपला काढल्या आणि मग समोर पाहिलं. बांधीत नुसते खुंट होते.

"काका, काऊन कापलं?" गुंजन ओरडली.

"तूच त सांगतलीस ना, अठरा झाला का कापा मनून! मी सोताच्या कानानं आयकलो."

गुंजनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती धुऱ्यावर बसली, लॅपटॉप उघडला, आधी नंबर लॉक केले आणि मग एकोणिसावा सीन काढून टाकला. या वेळी पुढचं काही सरकलं नाही. एकोणीसपुढे 'वगळला' एवढंच उरलं.

रुख्मिणीबाई वाकून पडद्याकडे बघत होत्या. "माहा नंबर गेला का?"

"नंबर हाय, आई. सीन नाही."

"मंग पुसू नोको. पुढच्या सालले येतो," असं म्हणून त्यांनी चपला पुन्हा पायात घातल्या.