केलेरा आजीचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना शिक्का आहे, टपालावर तारीख उठवणारा. माझे तोंड पितळेचे आणि मूठ लाकडाची. त्या मुठीत एका माणसाच्या तळव्याचा घाम इतका मुरला आहे की दमट हवेत ती अजून ओली होते. त्या माणसाचे नाव इनोके. त्याची आणि केलेरा आजीची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. शिक्क्याला विचारतो कोण?

माझा जन्म विलायतेत झाला. तिथून आगबोटीने मी फिजीच्या एका लहानशा बेटावर आलो. बेटावर एकच गाव होते आणि महिन्यातून एकदा बोट यायची. प्रार्थनाघराच्या भिंतीला लागून पत्र्याची एक खोली होती. तिला एकच खिडकी. तेच आमचे टपालघर आणि तारघरही. रोज सकाळी इनोके चिमट्याने माझ्या तोंडातले आकड्यांचे जुने खिळे काढून नव्या तारखेचे बसवायचा, कोऱ्या कागदावर एक ठसा उठवून बघायचा आणि म्हणायचा, "शाब्बास! आज बरोबर आहेस." माझी तारीख कधी चुकली नाही. मला त्याचा फार अभिमान होता.

इनोके भला माणूस होता. ज्यांना वाचता येत नसे त्यांची पत्रे तो वाचून दाखवायचा. रविवारी प्रार्थनाघरात गाणाऱ्यांच्या पुढे तोच उभा राहायचा.

केलेरा आजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. पेरूच्या काठीने वाट चाचपत ती बोटीच्या दिवशी खिडकीशी यायची. तिचा एकुलता एक मुलगा अपिसाई मोठ्या बेटावर सोन्याच्या खाणीत कामाला होता. तो दर महिन्याला पत्रात मनीऑर्डरचा कागद घालून पाठवायचा. इनोके पत्र वाचून दाखवायचा, आजीचा अंगठा धरून शाईत बुडवायचा आणि त्या कागदावर टेकवायचा. त्याखाली मी उमटलो की पैसे तिच्या हातात पडायचे. काळा अंगठा नाचवत आजी म्हणायची, "पोरगा सोन्याच्या खाणीत, आणि मला मेल्याने पाठवली काय तर शाई!" रांगेतल्या सगळ्या बायका हसायच्या.

मग गावाला प्रार्थनाघरात वाजवायला पायपेटी हवीशी झाली. इनोकेने स्वतःच्या भरवशावर ती शहरातून मागवली. पेटी आली, पण गोळा झालेली वर्गणी कमी पडली. त्याच महिन्यात आजी तापाने अंथरुणाला खिळली होती. तिचे पाकीट खणात पडून होते. दुपारी खिडकी बंद करून इनोकेने ते उघडले. आपला डावा अंगठा शाईत बुडवला आणि तिच्या नावापुढे टेकवला. मला वाटले, पैसे तिला घरी नेऊन देणार असेल. "पुढच्या बोटीला भरून टाकीन," तो पुटपुटला आणि त्याने मला उचलून कागदावर मारले.

पुढच्या बोटीला त्याने ते भरले नाहीत; पेटीचे देणेच अजून फिटले नव्हते. आजी आली.

"आलं का रे काही, इनोके?"

"नाही आलं, आजी."

नवे पाकीट तेव्हा माझ्याच खाली दाबलेले होते.

त्यानंतर प्रत्येक बोटीला हेच होऊ लागले. रांगेतल्या बायका कुजबुजायच्या, "खाणीवर गेलेली पोरं ही अशीच. ठेवली असेल तिकडे एखादी." आजी काठी आपटून म्हणायची, "माझा अपिसाई तसला नाही. वाटेत हरवलं असेल. इनोके, तू चौकशीचा अर्ज कर बाबा."

"अर्जाला पैसे पाठवल्याची पावती लागते, आजी. ती त्याच्याकडे."

"मग त्याला लिही. म्हणावं, पावत्या घेऊन ये."

इनोकेने तिच्यासमोर बसून पत्र लिहिले. त्याने लिहिले ते असे: 'पैसे पोचले. मी सुखात आहे.' त्या पाकिटावर आणि पुढे दर महिन्याला गेलेल्या तसल्याच पाकिटांवरही मीच उमटलो.

सात बोटी आल्या आणि गेल्या. पुढेपुढे आजी मुलाची बाजू घेईनाशी झाली. शेवटी एकदा ती आली आणि तिने काहीच विचारले नाही. खिडकीच्या फळीवर हात ठेवून थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली. त्याच आठवड्यात ती वारली.

तिची भाची ताराइवीनी धावत आली. "काका, अपिसाईला तार करा, लगेच!"

इनोकेने मजकूर लिहून घेतला. तार मात्र केली नाही. संध्याकाळी सांगितले, "केली तार. उत्तर नाही."

गाव म्हणाले, "आई गेली, तर साधी उलट तारही नाही केली कार्ट्याने." आजीला पुरले त्या दिवशी प्रार्थनाघरात पायपेटी वाजली. मला भिंतीपलीकडून ती ऐकू येत होती. धाप लागलेल्या माणसासारखा तिचा भाता वर-खाली होत होता.

पुढच्या बोटीने अपिसाईचे पाकीट पुन्हा आले. मला वाटले, आता तरी 'मृत' असा शेरा मारून तो ते परत पाठवील. इनोकेने पाकीट खणात टाकले आणि परत बाहेर काढले. मग त्याने अंगठा शाईत बुडवला. आजीला पुरून पंचवीस दिवस झाले होते. तिच्या नावापुढे अंगठा उमटला आणि त्याखाली मी, त्या दिवसाची खरी तारीख घेऊन.

तेव्हापासून बोटीच्या दिवशी खिडकीबाहेर काठी वाजू लागली. ठक, ठक, आणि मग थांबायची. खिडकीत कुणी नसायचे. ती मलाही ऐकू यायची, म्हणून इनोकेला भास होत होता असे मी म्हणणार नाही. एकदा तो मान वर न करताच बोलला, "नाही आलं, आजी."

तिकिटे घ्यायला आलेली ताराइवीनी जागच्या जागी थिजली. "कुणाशी बोलताय, काका?"

"कुणाशी नाही," म्हणत त्याने खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या महिन्यात काठी वाजली तशी त्याने मला इतक्या घाईने मारले की माझा ठसा दुहेरी उठला. तरी त्याने तो कागद बाजूला ठेवला नाही. पुन्हा एकदा मला मारले.

त्यापुढच्या बोटीतून अपिसाई स्वतः उतरला. आईला डोळ्यांच्या इस्पितळात न्यायला आला होता. धक्क्यावर त्याच्या हातातले गाठोडे कुणी घेतले नाही.

"आता आलास?" ताराइवीनी माझ्या खिडकीसमोरच त्याच्यावर ओरडली. "मावशी पुरलीसुद्धा! तार केली होती तुला. आठ-नऊ महिने एक पैसा नाही पाठवलास!"

अपिसाईने गाठोडे खाली ठेवले. त्याने खिशातून तंबाखूची डबी काढली आणि उघडून फळीवर पालथी केली. आतून पावत्या पडल्या, नऊ. "दर महिन्याला पाठवले," तो म्हणाला. "तिचं पत्र यायचं, पैसे पोचले म्हणून."

"वाटेत हरवले असतील," इनोके म्हणाला. "अर्ज भरून दे, मी पाठवतो."

ताराइवीनीने त्याच्याकडे एकदा नीट पाहिले. मग पावत्या गोळा करून अपिसाईच्या मुठीत कोंबल्या. "अर्ज याच्या हातात देऊ नकोस. याच बोटीने परत जा आणि मोठ्या कचेरीत स्वतः दे."

पुढच्या बोटीने अपिसाईबरोबर शिवचरण नावाचे तपासनीस आले. त्यांनी पैसे चुकते झालेल्या नऊ मनीऑर्डरी टेबलावर मांडल्या. "हा अंगठा ज्या बाईंचा, त्या कुठे आहेत?"

"टेकडीवर," ताराइवीनी म्हणाली आणि तिने पुरल्याचा दिवस सांगितला.

शिवचरणांनी त्या दिवसानंतरचे दोन कागद वेगळे काढले. माझ्या ठशांवर वाकून पाहिले, मग मला उचलून माझे तोंड निरखले. "हा तारीख बरोबर दाखवतो ना?"

"तो कधीच चुकला नाही, साहेब," इनोके म्हणाला. त्याने आपला डावा अंगठा पुढे केला. "घ्या, जुळवून बघा." मग खण उघडून त्याने नऊ पत्रे बाहेर काढली. "जाळणार होतो. हात धजला नाही."

शिवचरण अपिसाईला हळूच म्हणाले, "तुझे पैसे तुला भरून मिळतील."

"मिळतील हो. पण ती काय समजून गेली, साहेब?"

अपिसाई पत्रे घेऊन टेकडी चढला. पुरावा म्हणून मला फडक्यात बांधून शिवचरणही मागोमाग गेले, म्हणून मला ऐकू आले. कबरीशी बसून तो पहिल्यापासून वाचू लागला. तिसऱ्या पत्रात होते, 'आई, इस्पितळात विचारून ठेवलंय. डोळ्यांतलं पडळ काढून देतात म्हणे.' तिथे त्याने कागद मांडीवर ठेवला. ताराइवीनीने कागद घेतला आणि उरलेली सगळी पत्रे तिने वाचली. रांगेत कुजबुजणाऱ्या बायका खाली मान घालून उभ्या होत्या.

इनोके तुरुंगात गेला. मी शहरातल्या कचेरीच्या कपाटात आलो आणि पुन्हा कुणी मला शाईला लावले नाही. अजून महिन्यातून एकदा कपाटाबाहेर काठी वाजते. मी वाट पाहतो, की आता ती विचारील. ती विचारत नाही.

मित्रांनो, पैसे पाठवलेत तर पावती जपा. पोचले नाहीत तर त्याच दिवशी चौकशी करा, आणि पाठवणारा विसरला असे घरबसल्या ठरवू नका. ज्याला दिसत नाही त्याचे पत्र वाचायला मिळाले, तर त्यातले सगळे वाचा, जसे लिहिले आहे तसे. आणि कुणाचा निरोप तुमच्याकडे राहून गेला असेल, तर माझी गोष्ट इथेच ठेवा आणि तो आधी देऊन या. ते माणूस अजून खिडकीशी उभे असेल.