परत

बाबा खसबच्या बाजारात शिंपी होते. मी फोन केला की हिवाळ्यात हमखास ऐकायला मिळायचं, "जहाज लागलंय गं, ठेवतो." आमचा शेवटचा फोनही तसाच, अठ्ठावीस सेकंदांचा. ओमानच्या त्या लहानशा बंदरात पर्यटकांची जहाजं येतात हे मला ठाऊक होतं. पण चार तासांसाठी उतरलेला माणूस शिंप्याकडे कशाला जाईल? बाबा मला टाळत होते का, एवढंच मला कळायला हवं होतं.

बाबा वारल्यावर, २०१६च्या जानेवारीत मी त्यांचं दुकान आवरायला गेले. कुलूप काढतेय तोच शेजारचे महमूदचाचा आले. पूर्वी ते तांदूळ विकायचे, आता फ्रिजवर चिकटवायचे उंट.

"मास्टर की बेटी? अच्छा. आज शिप है. यल्ला, परत निकालो."

"क्या निकालूँ?"

"परत! इंग्लिश नहीं आता?"

त्यांनीच फळीखालची पेटी ओढली. आत सुती कापडं होती, पायघोळ, कमरेला गुंडाळायची. प्रत्येकाला दोन लांब नाड्या, आणि बाबांची बारीक टीप.

जहाजातल्या बायका आखूड चड्ड्यांत उतरायच्या, चाचा सांगू लागले. गावातल्या बायकांनी जहाजाच्या दिवशी बाजारात येणं सोडलं. मग मास्टरने ही शिवली. बाजाराच्या तोंडाशी उभा राहून नेसवायचा, निघताना मागून घ्यायचा.

"पैसा नहीं लेता था. खाली बोलता था, परत, परत."

कितीतरी दिवसांनी मला हसू आलं. "चाचा, ये तो मराठी है. मतलब, वापस दो."

"मराठी?" ते पाहतच राहिले. "गोरी लोग समझता है अरबी है. मेरा बीवी भी बोलती है, मास्टर से एक परत सिला के लाओ!"

भोंगा वाजला. थोड्या वेळाने बाजाराच्या तोंडाशी गर्दी दिसू लागली. चाचांनी पेटी माझ्या हातात दिली.

पहिलीच एक उंच म्हातारी होती. तिने आपणहून हात वर केले. मी कापड गुंडाळत होते, तेवढ्यात फोन वाजला. भाऊ होता, कौशिक.

"ताई, आवरलं का सगळं?"

फोन खांद्याने कानाशी दाबून धरला, तर नाडी निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. म्हातारी हसली.

"जहाज लागलंय रे," मी म्हटलं, "ठेवते."

"कसलं जहाज?"

फोन बंद केला. दोन्ही हातांशिवाय ती गाठ बसतच नव्हती.