बारमाही भिंत

पन्नास वर्षं मिस व्हर्नेल गॅड्सडेन पांढरे हातमोजे घालून, येणाऱ्यांना जागा दाखवायला चर्चच्या दाराशी उभी राहिली आणि प्रत्येक अंत्यविधीची पत्रिका घरी आणून जपली. गावातल्या काळ्या माणसाला जिवंतपणी वर्तमानपत्रवाले हिंग लावून विचारत नसत. मेल्यावर मात्र चर्च त्याची झकास पत्रिका छापायचं. वर हसरा फोटो, आत आईबापांची नावं, मागच्या पानावर कुठं पुरलं ते. चर्चमागच्या दफनभूमीत नावाचा दगड बसवायची ऐपत कुणाची? थडग्यांवर शिंपले आणि फुटक्या बशा मांडलेल्या, बस्स. तिथं कोण आहे याचा लेखी पुरावा म्हणजे मिस व्हर्नेलच्या सहाशे अकरा पत्रिका. तिची आईही त्यातच होती.

फेब्रुवारी हा काळ्यांच्या इतिहासाला नेमून दिलेला महिना, म्हणून दर फेब्रुवारीत गावच्या वाचनालयाला त्याचा उमाळा यायचा. पत्रिका काचेच्या कपाटात बसायच्या, आणि एक मार्चला फोन यायचा की घेऊन जा, जागा हवीय. यंदा म्हातारीचं डोकं फिरलं. आम्ही काय वर्षातले अठ्ठावीस दिवसच जगलो का, असं तिनं तोंडावर विचारलं. वाचनालयाची नवी प्रमुख ट्रेनीस तिच्याच हाताखाली बायबल शिकलेली, आपल्यातलीच पोर. तिनं पत्रिका लावायला बारा महिने टिकणाऱ्या भिंतीचा शब्द दिला. घरच्या पोरीकडून पावती कसली मागायची, म्हणून मिस व्हर्नेलनं पत्रिकांच्या पेट्या तशाच सोपवल्या. झेरॉक्ससुद्धा काढल्या नाहीत.

जूनमध्ये नोटीस लागली. दफनभूमीवरून रस्ता जाणार, हरकत असेल त्यांनी लेखी पुरावा आणावा. मिस व्हर्नेल निर्धास्त होती. रविवारची जांभळी हॅट घालून ती पत्रिका आणायला वाचनालयात गेली.

भिंतीवर भलाथोरला ओक रंगवला होता आणि फांदीफांदीवर गोल कापलेले चेहरे चिकटवले होते. देखणं होतं, खोटं कशाला बोला. तिची आई शेंड्यावर होती.

"बाकीचा कागद कुठाय, ट्रेनीस?"

"मजकूर फार होता, मिस व्हर्नेल. कोण वाचतंय हल्ली? फोटो तेवढे घेतले, उरलेलं रद्दीत गेलं."

"तुझा आजा कुठं पुरलाय ते त्यात होतं गं."

ट्रेनीस रडली, अगदी ढसाढसा. त्या रडण्याचा काडीचा उपयोग नव्हता.

सुनावणीत प्रत्येकाला तीन मिनिटं होती. मिस व्हर्नेल तोंडपाठ नावं म्हणू लागली. साठाव्या नावाला घंटा वाजली. साहेबानं नम्रपणे विचारलं, लेखी काही आहे का? तिनं नाही म्हणून मान हलवली आणि ती खाली बसली.

सप्टेंबरात यंत्रं आली. शिंपले, बशा, सगळं एका दुपारीत खडीखाली गेलं.

भिंत मात्र डिसेंबरातही जागच्या जागी होती. आईच्या पुण्यतिथीला मिस व्हर्नेल फुलं घेऊन वाचनालयात गेली, कारण ती ठेवायला दुसरी जागा उरली नव्हती. तिनं ती ओकाच्या बुंध्याशी ठेवली. शिपाई उठून आला आणि म्हणाला, "आजी, तेवढी उचला. पाणी लागून रंग जातो."