ड्रमलाराचा पूल

बंडखोरांची वाट बंद करायला ब्रिटिश सैन्यानं ड्रमलाराचा पूल उडवला तेव्हा डिम्पना मॅकनॅलीच्या हातात लोण्याचा गोळा होता. दणक्यानं खिडकीची काच तडकली आणि ओढ्यापलीकडची रूबी परदेशात गेली. तशी दोन देशांची सीमा ओढ्यातूनच जायची, पण तोवर कुणाच्या पायांना ती कळली नव्हती. डिम्पना कॅथलिक, रूबी प्रोटेस्टंट, तरी दर मंगळवारी दोघी मिळून लोणी काढायच्या आणि गावाची उणीदुणीही. हसून हसून रूबीचा पाय पायानं चालवायच्या घुसळणीवरून घसरायचा. पूल गेला आणि दोनशे पावलांचे तीस मैल झाले. वर वाटेत सैनिकांची चौकी. उरली ती नाताळची पत्रं.

तेवीस वर्षांनी बंदुका थंडावल्या. १९९५च्या वसंतात दोन्हीकडच्या शेतकऱ्यांनी ट्रॅक्टरनं खडी ओतून वाट बांधली. डिम्पना गरम पाव फडक्यात गुंडाळून निघाली, तर समोरून रूबी काठी टेकत येतेय.

"कुठं गं?" डिम्पनानं विचारलं.

"तुझ्याकडे. तू?"

"तुझ्याकडेच की!"

"मग माझ्याकडे चल. माझं घर जवळ आहे."

"पावलं मोजलीस वाटतं?"

"खिडकीत बसून दुसरं काय करत होते इतकी वर्षं!"

रूबीच्या स्वयंपाकघरात आता विजेची शेगडी होती. डिम्पनाचे डोळे लोणी काढताना बसायचं ते जुनं बाकडं शोधत राहिले. रूबीनं चहा ओतला आणि खाली बघत म्हणाली, "माझ्या वेस्लीच्या मातीला सगळे आले. नवरा गेला माझा, आणि तू नाही आलीस. फार लागलं गं."

"आले होते. चौकीवर बस तीन तास अडकली. पोचले तेव्हा चर्चपाशी चिटपाखरू नव्हतं. थडग्यावर रानफुलं ठेवली आणि शेवटची बस धरली."

"जॅमच्या बरणीत?"

"हाताशी तीच होती."

"अगं, मग पत्रात लिहायचंस!"

"मातीला उशिरा पोचले, हे कुठल्या तोंडानं लिहू?"

रूबीनं कपाळावर हात मारला. "ती फुलं बघून बारा वर्षं मला वाटतंय, वेस्लीची बाहेर कुणी होती!"

"वेस्लीची? त्याला माझ्याशी हवापाण्याचं बोलतानासुद्धा घाम फुटायचा!"

दोघी हसता हसता रडायला लागल्या. चहा गार झाला. मग रूबीनं डोक्याला रुमाल बांधला. "चल, त्याला भेटून येऊ."

चर्चची टेकडी दोघींनाही आता जड जात होती. हात धरून चढताना त्या दोनदा थांबल्या, आणि दोन्ही वेळा रूबीला पुन्हा हसू फुटलं.